हलक्या अंगाची रेड वाइन : बोजोलेची बाटली निवडताना आणि उघडताना

फ्रान्समध्ये लियों शहराच्या उत्तरेला, साओन नदीच्या पश्चिमेकडील टेकड्यांवर बोजोले हा द्राक्षबागांचा पट्टा पसरला आहे. दक्षिणोत्तर त्याची लांबी सुमारे 55 किलोमीटर. इथली रेड वाइन गामे या एकाच जातीच्या काळ्या द्राक्षापासून होते, आणि ती बहुतांशी लहान शेतकरी कुटुंबांच्या हातून घडते. हलक्या अंगाची रेड वाइन म्हणजे काय हे समजून घ्यायचे असेल, तर बोजोलेइतके चांगले उदाहरण दुसरे नाही.

वाइनचे ‘अंग’ म्हणजे तोंडात जाणवणारे तिचे वजन. ते मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते : अल्कोहोलचे प्रमाण, आणि द्राक्षाच्या साली व बियांतून उतरणारे टॅनिन. फार वेळ उकळलेला कोरा चहा प्यायल्यावर जिभेवर आणि हिरड्यांवर जी तुरट कोरड बसते, ती टॅनिनची. काबर्ने सॉव्हिन्यों किंवा शिराझच्या वाइनमध्ये टॅनिन भरपूर असते. नाशिक परिसरातील रेड वाइन प्रामुख्याने याच दोन जातींच्या असल्यामुळे, महाराष्ट्रात ज्याची वाइनशी ओळख झाली त्याची रेड वाइनची कल्पना गडद, तुरट आणि जड अशीच बनलेली असते. गामेची वाइन या कल्पनेत बसत नाही. तिचा रंग माणकासारखा पारदर्शक, कडेला जांभळट झाक असलेला. वास चेरी, रास्पबेरी, स्ट्रॉबेरी या ताज्या फळांचा, कधी जाई-गुलाबाच्या अंगाने जाणारा. तुरटपणा कमी, आंबटपणा मात्र खणखणीत. पहिला घोट घेऊन ‘ही पातळ आहे’ असा निकाल अनेक जण देतात, तो चुकीचा आहे. पातळ वाइनमध्ये चव नसते. चांगल्या बोजोलेमध्ये चव शेवटपर्यंत टिकते, फक्त ती तुरटपणावर उभी नसते.

गामे हे द्राक्ष पिनो न्वार आणि गुए ब्लां या दोन जुन्या जातींच्या संकरातून आले, हे 1999 साली प्रसिद्ध झालेल्या डीएनए संशोधनातून स्पष्ट झाले. ते लवकर पिकते, भरपूर येते आणि काटक असते. याच गुणांमुळे ते एका राज्यकर्त्याच्या डोळ्यांवर आले. 1395 साली बर्गंडीचा ड्यूक फिलिप द बोल्ड याने हे ‘वाईट’ द्राक्ष आपल्या मुलखातून उपटून टाकण्याचा हुकूम काढला. पिनो न्वारची जागा ते बळकावू नये हा त्यामागचा हेतू. बर्गंडीच्या चुनखडीच्या उतारांवर गामे खरोखरच सामान्य ठरते. दक्षिणेला बोजोलेच्या ग्रॅनाइटवर मात्र त्याला आपले घर सापडले. कस नसलेल्या, झटकन पाणी निथळणाऱ्या या मुरमाड जमिनीत वेलीचा जोर आपोआप आवरतो, पीक मर्यादित राहते आणि फळात चव एकवटते. जुन्या बागांमध्ये वेली तारांवर न चढवता बुटक्या झुडपांसारख्या राखलेल्या दिसतात. पट्ट्याच्या दक्षिण भागात माती चिकण आणि चुनखडीची आहे; तिथली वाइन साधी, लवकर पिण्याजोगी होते.

बोजोलेचे खरे वेगळेपण तिच्या कृतीत आहे, आणि बाटली निवडताना ही कृती माहीत असणे फार उपयोगी पडते. बहुतेक रेड वाइनसाठी द्राक्षे देठावेगळी करून चेपतात आणि मग आंबवतात. बोजोलेमध्ये घड अख्खेच्या अख्खे, देठासकट टाकीत भरतात. त्यासाठी ते न फुटता येणे आवश्यक असते, म्हणून तोडणी हाताने होते. टाकी भरली की खालच्या थरातले घड वरच्या वजनाने चेपले जातात, त्यांचा रस सुटतो आणि आंबू लागतो. त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड टाकीत कोंडतो व हवा बाहेर ढकलतो. प्राणवायू न मिळालेली वरची अख्खी द्राक्षे मग आतल्या आत बदलू लागतात : सालीच्या आतच थोडी साखर अल्कोहोलमध्ये उतरते, आंबटपणातला बोचरा मॅलिक आम्लाचा भाग घटतो आणि फळांचा सुगंध तयार होतो. काही दिवसांनी, साध्या वाइनसाठी चार-पाच आणि दमदार वाइनसाठी दहा किंवा अधिक, घड दाबून रस काढतात आणि उरलेले आंबवण सालींशिवाय पूर्ण होते. सालींचा सहवास थोडाच असल्यामुळे टॅनिन कमी उतरते. हलकेपणा येतो तो इथून.

ही कृती घाईने केली आणि सुवासिक यीस्टची ठरावीक जात बाहेरून घातली, तर वाइनला केळ्याचा आणि गोळ्या-चॉकलेटांचा वास येतो. बोजोले नूव्होची जगभर झालेली ओळख तीच. नूव्हो म्हणजे त्याच वर्षाच्या हंगामाची, तोडणीनंतर दोन-अडीच महिन्यांत बाजारात येणारी वाइन. नव्या वाइनच्या अशा लवकर विक्रीला 1951 साली अधिकृत परवानगी मिळाली, आणि 1985 पासून नोव्हेंबरचा तिसरा गुरुवार हा तिचा दिवस ठरला. व्यापारी जॉर्ज द्युबफ यांनी या दिवसाचा जगभर उत्सव केला. त्याने शेतकऱ्यांच्या हाती लवकर पैसा आला, पण प्रदेशाचे नाव एका स्वस्त, उथळ पेयाशी जोडले गेले, आणि चांगल्या बाटल्या वर्षानुवर्षे त्या सावलीत राहिल्या. नूव्हो आनंदाने प्यावी, नाताळपर्यंत किंवा फार तर पुढच्या उन्हाळ्याआधी संपवावी. मात्र तिच्यावरून बोजोलेची परीक्षा करू नये.

या प्रदेशाची वाइन तीन पायऱ्यांवर विकली जाते. सर्वांत खाली नुसते ‘बोजोले’, प्रामुख्याने दक्षिणेच्या चुनखडीचे. त्यावर ‘बोजोले-व्हिलाज’, म्हणजे उत्तरेकडील 38 गावांच्या हद्दीतले. सर्वांत वर दहा ‘क्र्यू’, म्हणजे स्वतःच्या नावाने ओळखली जाणारी गावे वा टेकड्या : उत्तरेकडून सँतामूर, ज्युलिएना, शेना, मुलँ-आ-व्हाँ, फ्लरी, शिरूब्ल, मोर्गों, रेन्ये, ब्रुई आणि कोट द ब्रुई. यातली पहिली काही 1936 साली मान्य झाली, शेवटचे रेन्ये 1988 साली. इथे ग्राहकाची हमखास गफलत होते, कारण क्र्यूच्या लेबलवर ‘बोजोले’ हा शब्द बऱ्याचदा नसतोच. नुसते ‘मोर्गों’ किंवा ‘फ्लरी’ छापलेले असते. दुकानात बोजोले शोधणारा माणूस तिची सर्वांत चांगली बाटली ओलांडून पुढे जातो. म्हणून ही दहा नावे कागदावर लिहून जवळ ठेवावीत.

दहाही नावांच्या चवी पाठ करण्याची गरज नाही. सुरुवातीला चार पुरेत. फ्लरी आणि शिरूब्ल या सर्वांत नाजूक, फुलांच्या सुगंधाच्या. शिरूब्लच्या बागा सर्वांत उंचावर, म्हणून तिचा आंबटपणा अधिक ताजा. ज्याला हलकी वाइन म्हणजे काय ते पाहायचे आहे, त्याने इथून सुरुवात करावी. मोर्गों भरीव असते. त्यातही कोट द्यू पी या जुन्या ज्वालामुखीजन्य टेकडीवरची वाइन चार-सहा वर्षांनी पिनो न्वारच्या जवळ जाऊ लागते. मुलँ-आ-व्हाँ या दहांतली सर्वांत दमदार. तिथल्या ग्रॅनाइटमध्ये मँगेनीज आहे, वाइन अनेकदा लाकडी पिंपात मुरते आणि दहा वर्षेही टिकते. हलकी वाइन हवी म्हणून मुलँ-आ-व्हाँ घेतली तर अपेक्षाभंग होईल, आणि त्यात दोष वाइनचा नसेल.

गावाच्या नावाइतकेच, किंबहुना त्याहून जास्त, महत्त्व बाटली कोणी भरली याला आहे. बोजोलेमधील मोठा व्यापार पूर्वापार घाऊक व्यापाऱ्यांच्या हाती होता. ते शेकडो शेतकऱ्यांकडून वाइन विकत घेत, एकत्र करत आणि आपल्या नावाने विकत. अर्धेलीने बाग कसण्याची पद्धतही इथे रुजलेली : जमीन मालकाची, राबणूक कुळाची, उत्पन्न निम्मे-निम्मे. अशा घरांतल्या पुढच्या पिढ्यांनी हळूहळू स्वतःची वाइन स्वतःच्या तळघरात बाटलीबंद करायला घेतली, तेव्हा त्या त्या उताराची चव प्रथमच एकेका बाटलीत आली. अशी घरगुती वाइनरी किती लहान असते? हेक्टरी 5,000 लिटर उत्पन्न धरले, तर आठ हेक्टरच्या बागेत वर्षाला साधारण 53,000 बाटल्या होतात. जगभरच्या ग्राहकांत वाटायचे म्हटले तर हा आकडा फार छोटा आहे.

मोर्गोंच्या मार्सेल लापिएर यांचे घर हे या बदलाचे ठळक नाव. ज्यूल शोव्हे हे व्यापारी आणि रसायनतज्ज्ञ (1907–1989) रासायनिक खते-औषधांशिवाय, बाहेरचे यीस्ट न घालता आणि वाइन टिकवण्यासाठी घालतात त्या गंधकाचा वापर जवळजवळ टाळून वाइन करण्याचा आग्रह धरत. लापिएर, झाँ फोयार, गी ब्रेतों आणि झाँ-पोल तेव्हने या मोर्गोंच्या चौघांनी 1980च्या दशकात तो मार्ग उचलला. लापिएर 2010 साली गेले. मुलगा माथ्यू आणि मुलगी कामीय आज वाइनरी चालवतात. कोट द ब्रुईवरील शातो तिव्हँ 1877 पासून जॉफ्रे कुटुंबाकडे आहे. फ्लरीतले क्लो द ला रोयलेत हे कुदेर कुटुंबाचे, आणि त्याच्या लेबलवर घोड्याचे तोंड असते. ही बाग मुलँ-आ-व्हाँच्या हद्दीला लागून असल्याने तिची फ्लरी नेहमीच्या फ्लरीपेक्षा भरीव लागते. यांपैकी कोणाचीही बाटली दिसली तर घ्यायला हरकत नाही.

अनोळखी नाव असेल तेव्हा लेबलच्या तळाशी असलेली बारीक ओळ वाचावी. तिथे ‘मी-झां-बुतेय ओ दोमेन’ किंवा ‘आ ला प्रोप्रिएते’ अशा अर्थाचे शब्द असतील तर वाइन उत्पादकाच्या जागी बाटलीबंद झाली आहे. ‘दोमेन’ म्हणजे साधारणपणे स्वतःच्या बागेची वाइनरी. स्वतंत्र द्राक्ष-उत्पादकांच्या फ्रेंच संघटनेचे, पाठीवर पीप वाहणाऱ्या माणसाचे चिन्ह बुचावरच्या टोपणावर दिसले, तर तीही चांगली खूण. पण ‘शातो’ या शब्दाला, लेबलवरच्या किल्ल्याच्या चित्राला किंवा सोनेरी पदकाला फार किंमत देऊ नये. सहकारी वाइनरीची बाटली मात्र कमी लेखू नये. कमी दरात प्रामाणिक बोजोले-व्हिलाज पुष्कळदा तिथूनच मिळते.

वर्षही पाहावे. 2003, 2015, 2018 आणि 2020 या उष्ण वर्षांत गामे खूप पिकले. अशा वर्षांच्या बाटल्यांत अल्कोहोल 14 टक्क्यांपर्यंत चढते आणि वाइन गोलसर, जड होते. 2021 साली एप्रिलमध्ये फ्रान्सभर कडाक्याची थंडी पडून पीक घटले, उन्हाळाही थंड गेला. त्या वर्षीच्या वाइन जुन्या धाटणीच्या, हलक्या आणि आंबटसर आहेत. वर्षांची माहिती लक्षात राहत नसेल तर लेबलवरचा अल्कोहोलचा आकडा वाचला तरी पुरे : 12 ते 13 टक्के असेल तर अंग हलके असण्याची शक्यता जास्त. अंगाने हलकी याचा अर्थ नशेला हलकी नव्हे. 13 टक्क्यांच्या 125 मिलिलिटर वाइनमध्ये सुमारे 13 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. ही वाइन सहज घशाखाली उतरते, म्हणूनच पेले मोजून प्यावेत आणि नंतर गाडी चालवू नये.

भारतात आयातशुल्क आणि राज्यांचे कर यांमुळे बोजोलेची बाटली मूळ दराच्या कितीतरी पट महाग पडते. इतके पैसे मोजायचे तर बाटलीचा प्रवास कसा झाला याकडे ग्राहकाने लक्ष दिलेच पाहिजे. हलक्या वाइनला उष्णता सोसत नाही. नैसर्गिक पद्धतीच्या, कमी गंधकाच्या बाटलीला तर मुळीच नाही. वातानुकूलित नसलेल्या दुकानात, उन्हाच्या काचेत किंवा दिव्याखाली उभी असलेली बाटली घेऊ नये. बूच वर सरकलेले असेल, टोपणाभोवती चिकट ओघळ असेल किंवा रंग विटकरी झाला असेल, तर ती गरम झाली होती असे समजावे. कोणत्या वर्षीची आहे आणि किती दिवसांपूर्वी आली, हे दुकानदाराला निःसंकोच विचारावे. महाराष्ट्रात वाइन घेण्यासाठी वयाची अट 21 वर्षे आहे, आणि परवाना लागतो.

फ्रान्सला जाणाऱ्यांसाठी वाइनरीतूनच खरेदी करणे सर्वांत उत्तम. लियोंहून रेल्वेने व्हिलफ्रांश किंवा बेलव्हिल गाठता येते, पुढे गावांपर्यंत वाहन करावे लागते. लहान वाइनरी हे आधी घर असते आणि मग दुकान, त्यामुळे फोन किंवा ईमेल करून वेळ घ्यावी. ऑगस्टअखेर ते सप्टेंबर हा तोडणीचा काळ. त्या दिवसांत घरातल्या कोणालाच पाहुण्यांसाठी उसंत नसते. चव घेताना तोंडातली वाइन भांड्यात थुंकणे हा तिथला शिष्टाचार आहे, त्यात अनादर नाही. भारतात परतताना दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येते, म्हणजे 750 मिलिलिटरच्या दोन बाटल्या. त्या कपड्यांत नीट गुंडाळून मोठ्या सामानात द्याव्यात.

घरी आणलेल्या बाटलीसाठी मुंबई-पुण्याच्या घरातले कपाट ही योग्य जागा नव्हे. वाइन साठवण्याचे खास कपाट नसेल तर बाटली फ्रिजच्या कमी थंड भागात आडवी ठेवावी आणि काही महिन्यांत प्यावी. साधी बोजोले आणि व्हिलाज दोन-तीन वर्षांच्या आतच चांगली लागते. फ्लरी, ब्रुई पाच वर्षांपर्यंत. त्यापलीकडे मोर्गों आणि मुलँ-आ-व्हाँ जातात, तेही 12-14 अंशांच्या स्थिर तापमानात.

या वाइनचे सर्वांत मोठे नुकसान तापमानामुळे होते. ‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी’ हा नियम युरोपातल्या जुन्या, थंड घरांचा. तिथली खोली 16-18 अंशांची असे. महाराष्ट्रातली खोली 28-32 अंशांची. या तापमानाला गामेचा सुगंध उडून जातो, अल्कोहोल नाकात झोंबते आणि फळाची चव मोरंब्यासारखी दाट होते. बोजोले 12 ते 14 अंशांना द्यावी. नूव्हो त्याहून थंड, मुलँ-आ-व्हाँ किंचित कमी थंड. खोलीच्या तापमानाची बाटली फ्रिजमध्ये दोन-अडीच तास किंवा बर्फ घातलेल्या पाण्यात वीस मिनिटे ठेवली की काम होते. रात्रभर फ्रिजमध्ये असलेली बाटली अर्धा-पाऊण तास आधी बाहेर काढावी, कारण फार थंड वाइनला वास राहत नाही. पेल्यात बर्फ टाकू नये. पेला एक-तृतीयांशच भरावा म्हणजे वाइन तापण्याआधी संपते, आणि बाटली परत थंड जागी ठेवावी.

उघडल्यावर हलके बुडबुडे दिसले किंवा जिभेला किंचित चुणचुण जाणवली तर घाबरण्याचे कारण नाही. कमी गंधकाच्या वाइनमध्ये कार्बन डायऑक्साइड थोडा मुद्दाम राखतात. पेला हलवला की तो निघून जातो. काडेपेटीसारखा वासही दहा मिनिटांत जातो. ओल्या पुठ्ठ्याचा, कुबट वास मात्र जात नाही. तो बुचाचा दोष; अशी बाटली विक्रेत्याला परत करावी.

जेवणाशी जुळवताना बोजोलेचा हलकेपणा कामी येतो. लियोंच्या ‘बुशों’ नावाच्या खानावळींत ती जाड तळाच्या 46 सेंटिलिटरच्या बाटलीतून सॉसेज, डुकराच्या मांसाचे पदार्थ, भाजलेली कोंबडी आणि शेळीच्या दुधाच्या चीजबरोबर देतात. तिचा आंबटपणा चरबी कापतो. हेच सूत्र गोव्याच्या व्हिनेगर घातलेल्या चोरिसांना लागू पडते, कारण आंबट पदार्थासमोर कमी आंबट वाइन मवाळ पडते. मिरचीचे गणित निराळे आहे. मिरचीतले कॅप्सेसिन आणि अल्कोहोल ही दोन्ही तोंडातली उष्णता जाणणारी एकच यंत्रणा चेतवतात, आणि तिखटाच्या जेवणात टॅनिनही कडवट वाटू लागते. म्हणून जड रेड वाइन मराठी जेवणाबरोबर त्रास देते, तर थंड केलेली फ्लरी पांढरा रस्सा, दाणे-तिळाची भरली वांगी, अळूवडी किंवा बेताच्या तिखटाचे सुके मटण यांच्यासोबत छान जमते. तळलेल्या सुरमईबरोबरही ती चालते. टॅनिनयुक्त जड रेड वाइनने माशाला अनेकदा धातूसारखी चव येते, इथे तो धोका कमी. तांबडा रस्सा आणि ठेचा यांच्यापुढे मात्र कोणतीच रेड वाइन टिकत नाही, आणि पुरणपोळी-श्रीखंडासमोर बोजोले नुसती आंबट लागते.

उरलेल्या वाइनची बाटली बूच लावून फ्रिजमध्ये उभी ठेवावी. दुसऱ्या दिवशी वाइन जवळजवळ तशीच राहते, मोर्गों तर काही वेळा अधिक खुलते. तिसऱ्या दिवसानंतर ती स्वयंपाकात घालावी. ज्याने आजवर फक्त गडद, तुरट रेड वाइन प्यायली आहे, त्याने पहिली बाटली घरगुती वाइनरीची, दोन-तीन वर्षांची, 13 टक्क्यांच्या आतली फ्लरी घ्यावी आणि ती जेवणाबरोबरच उघडावी.